पंचाहत्तर हजारांच्या कागदावर सही करू का?

भाऊ,

आखाजीला मी माहेरी गेलेली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला की यांना ट्रकने उडवलं. हे केळी कापणाऱ्या टोळीत आहेत, वय चौतीस. जोडीदाराला मागे बसवून मोटारसायकलवर बागेकडे निघाले होते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर समोरून येणारा बारा चाकी ट्रक दुसऱ्या गाडीला ओलांडायला गेला आणि यांच्या अंगावर आला. जोडीदाराला खरचटलं. यांची उजवी मांडी आणि नडगी मोडली. आधी सरकारी दवाखाना, मग खाजगीत ऑपरेशन, दोन्हीकडे रॉड. दोन लाखांच्या वर खर्च झाला. माझी पोत गहाण आहे, बचत गटाचं कर्ज आहे. निंदणीला जात होते, तेही बंद झालं, कारण यांना उठवायला-बसवायला माणूस लागतो.

ट्रक परराज्यातला. ड्रायव्हर पळाला होता, दुसऱ्या दिवशी हजर झाला. गुन्हा दाखल आहे म्हणतात, पण आमच्याकडे एकही कागद नाही. ट्रकमालकाचा माणूस तीनदा घरी येऊन गेला. पंचाहत्तर हजार देतो, स्टँपपेपरवर दोघांनी सह्या करा म्हणतो. यांच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून केस केली तर तुमच्यावरच उलटेल असंही म्हणतो. भाऊबंद सांगतात, मिटवून टाका ना भो, कोर्टात पिढ्या जातात. एक एजंट येऊन गेला, तो म्हणतो सगळं मी करतो, निम्मे माझे. हे रात्री झोपत नाहीत. घर रस्त्यालगत आहे. ट्रकचा हॉर्न वाजला की घाम फुटून उठून बसतात. सोमवारी तो माणूस परत येणार आहे. काय करू?

एक वाचक भगिनी, यावल तालुका


ताई,

सही करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, दुसऱ्याकडून वाचून घ्या, पण एवढं आधी ठरवा. सोमवारी तो माणूस आला की त्याला सांगा, "वकिलाला दाखवल्याशिवाय आम्ही कशावर सही करत नाही." भांडू नका, शिव्याशाप देऊ नका. चहा पाजा आणि वाटेला लावा. तो कागद ठेवून जात असेल तर ठेवून घ्या, नसेल तर मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

कारण सांगतो. तुमच्या यजमानांच्या पायाचं किती नुकसान झालं हे आज कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात. जुळलं तरी पाय आखूड राहील का, गुडघा पूर्ण वाकेल का, रॉड काढायला पुन्हा टेबलावर जावं लागेल का, हे कळायला वेळ आहे. आणि तो कागद हे सगळं कळायच्या आधीच हिशोब संपवायला निघाला आहे.

हे मी घरात पाहिलं आहे. १९९३ मध्ये माझ्या थोरल्या भावाला पारोळ्याजवळ ट्रकने धडक दिली. तेव्हा त्या रस्त्याला हायवे नंबर सहा म्हणत, आता तो त्रेपन्न आहे. घरातल्या चार मोठ्या माणसांनी ओट्यावर बसून पंधरा हजारांवर मिटवलं. त्या वेळी पंधरा हजार मोठे वाटले होते, आईने देवापुढे ठेवले होते. पुढे भावाच्या पायात पू झाला, रॉड काढावा लागला, त्या दवाखान्यापायी अडीच बिघे गेले. मग कुणीतरी म्हणालं, दावा टाकू. पण सही करून दिलेली होती आणि कागद उरले नव्हते. १९९५ च्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं, तेव्हा ग्रहण बघायला गल्लीतल्या पोरांनी त्याच्या एक्स-रेचे तुकडे कापून वाटून घेतले होते. त्या पोरांत मी होतो. भाऊ आजही जिना चढताना आधी डावा पाय टाकतो.

म्हणून तुमचं पत्र आल्यापासून मला चैन नाही.

आता मूळ गोष्ट. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा निदान तिसऱ्या पक्षाचा विमा काढलेला असला पाहिजे, ही कायद्याची सक्ती आहे. तिसरा पक्ष म्हणजे त्या वाहनाने ज्याला इजा केली तो. म्हणजे तुमचे यजमान. ट्रकचा असा विमा असेल तर भरपाई विमा कंपनीने द्यायची असते, आणि माणसाच्या जिवाच्या किंवा शरीराच्या नुकसानीला त्या विम्यात वरची मर्यादा नसते. मग मालक स्वतःच्या खिशातून पंचाहत्तर हजार द्यायला तीन-तीन फेऱ्या का मारतो आहे? याचं उत्तर प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. काही मालक खरोखर माणुसकीने येतात, ड्रायव्हरवरची केस हलकी व्हावी असंही त्यांना वाटतं. पण कित्येकदा विम्याची मुदत संपलेली असते, फिटनेस नसतं, परमिट नसतं, नाहीतर ड्रायव्हरकडे जड वाहनाचं लायसन्स नसतं. तेव्हा पहिलं काम हे: ट्रकचा नंबर घेऊन एखाद्या शिकलेल्या पोराला बसवा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तो नंबर टाकायला सांगा. विमा कधीपर्यंत होता, फिटनेस कधीपर्यंत, ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

विमा असेल पण ड्रायव्हरचं लायसन्स खोटं निघालं, तर घाबरू नका. अशा वेळी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयं देत आली आहेत. विमाच नसेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. विमा नसलेला ट्रक, मालकाने भरपाईपुरती हमी दिल्याशिवाय सोडू नये असा नियम आहे. ट्रक अजून पोलीस ठाण्याच्या आवारात उभा आहे की सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लिहून घेऊन मालकाच्या ताब्यात, सुटून गेला, हे उद्याच बघून या. गेलेला परराज्यातला ट्रक पुन्हा हाती लागणं फार कठीण.

पंचाहत्तर हजार कमी की जास्त, हे ठरवायला एक आकडा लक्षात ठेवा: अडीच लाख. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे, चूक कुणाची हे सिद्ध न करताही, गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये आणि मृत्यूला पाच लाख रुपये मिळतात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे कुणाची काही चूक दाखवता आली नाही तरी जे मिळायचं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी रकमेला तो माणूस तुमची सही मागतो आहे. पण थांबा, हे अडीच लाखही लगेच घेऊ नका. कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून करायचा, मोठा दावा तिथेच संपतो. ज्यांच्याकडे साक्षीदार नाही, चूक दाखवायची सोय नाही, त्यांच्यासाठी ती वाट आहे. तुमच्याकडे मागे बसलेला जोडीदार आहे. त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे की ट्रक दुसऱ्या गाडीला ओलांडताना यांच्या बाजूला आला.

मोठा दावा म्हणजे किती मोठा? आकडेमोड करून दाखवतो, पण ही रक्कम मिळेलच असं वचन म्हणून वाचू नका, न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, पुराव्यावर ठरवतं. समजा यजमानांची कमाई महिन्याला १२,००० धरली गेली. वर्षाला १,४४,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात हे ठरवून दिलं, आणि जखमींच्या दाव्यातही ही वाढ धरायची हे २०२० मध्ये स्पष्ट केलं. झाले २,०१,६००. ३१ ते ३५ वयाला १६ ने गुणायचं, हे २००९ च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक. झाले ३२,२५,६००. आता यजमानांची कमावण्याची ताकद किती गेली तेवढा हिस्सा. पाव गेली असं ठरलं तर ८,०६,४००. अर्धी गेली असं ठरलं तर १६,१२,८००. औषधपाणी, ऑपरेशन, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, पुढचा दवाखाना, सोसलेल्या वेदना हे सगळं त्याशिवाय.

त्या पाव आणि अर्ध्यातच तुमच्या दाव्याचा जीव आहे, म्हणून इथे जरा थांबतो. वैद्यकीय बोर्ड पाय तपासून सांगेल, अपंगत्व अमुक टक्के. समजा २५ टक्के. विमा कंपनीचा वकील म्हणेल, बघा, कमाईही पंचवीस टक्केच बुडाली. पण बँकेत खुर्चीवर बसणाऱ्याचे पंचवीस टक्के वेगळे आणि केळीच्या बागेतले वेगळे. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून, ठिबकच्या नळ्या चुकवत गाडीपर्यंत जायचं, ते दिवसातून कितीतरी वेळा. आखूड झालेल्या, गुडघा न वाकणाऱ्या पायाने हे काम होतं का? पाऊण होतं का? होतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितलं आहे: शरीराचं अपंगत्व किती यावर थांबू नका, त्या अपंगत्वाने त्या माणसाचा त्याचा धंदा किती गेला ते बघा. म्हणून साक्ष देताना यजमानांनी नुसतं "मजुरी करतो" म्हणायचं नाही. घड कसा कापतात, कसा झेलतात, कुठून कुठे वाहतात, गाडी कशी भरतात, सगळं सांगायचं. न्यायाधीश महोदय केळीच्या बागेत गेलेले असतीलच असं नाही.

कमाईचा पुरावा नाही ही तुमची पुढची काळजी असेल. टोळीत रोकडा मिळतो, पगारपत्रक कसलं असणार! तरी शोधलं की सापडतं. मुकादमाची हजेरीची वही, मुकादमाचं आणि ज्यांच्या बागेत काम केलं त्या दोन शेतकऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, ई-श्रम कार्ड, बँकेचं पासबुक, बचत गटात दर महिन्याला भरलेल्या हप्त्याची नोंद. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेतं, पण तो आकडा तुमच्या खऱ्या कमाईपेक्षा कमी असू शकतो. सीझन चालू असतानाच मुकादमाला भेटा. पुढच्या वर्षी तो कुठल्या गावाला असेल काय सांगावं.

आणि ताई, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत की निंदणी बंद झाली. ही तुमच्या दाव्यातली बाब आहे. जखमीला सांभाळायला जे माणूस लागतं त्याचा मोबदला भरपाईत धरतात, आणि ते माणूस घरातली बायको आहे म्हणून ती सेवा फुकट ठरत नाही. किती दिवस बुडाले, दिवसाला किती मजुरी मिळायची, हे एका वहीत लिहायला आजपासून लागा. तुम्ही स्वतःहून हे कधीच मागणार नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडच्या बाया मागत नाहीत. मागा.

आता घाई कुठे करायची ते. मालकाच्या कागदाला घाई नाही, पण दाव्याला आहे. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. गावातले जाणते तुम्हाला सांगतील की दावा केव्हाही टाकता येतो. ते खोटं बोलत नाहीत, १९९४ च्या दुरुस्तीनंतर पुढची सत्तावीस वर्षं खरोखरच मुदत नव्हती. आता आहे. आखाजीपासून दिवाळी असं सणावर मोजू नका. एफआयआरवरची तारीख बघा, त्यात सहा महिने मिळवा आणि तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा. मी तर म्हणेन त्याच्या दोन महिने आधीच अर्ज जाऊ द्या. पाय बरा होईपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज आधी जातो, अपंगत्वाचा दाखला मागून जोडता येतो.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा समोरचा राहतो तिथल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. म्हणून ट्रक परराज्यातला आहे म्हणून तुम्हाला परराज्यात चकरा माराव्या लागणार नाहीत. समोरच्याने इथे यायचं. यावलच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तो हक्क आहे. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर लावा.

पोलीस ठाण्यात जायला लाज किंवा भीती वाटत असेल तर जोडीदाराला आणि गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला बरोबर घ्या. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, ट्रकच्या विम्याची, आरसीची आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत, आरटीओ निरीक्षकाने वाहन तपासल्याचा अहवाल, एवढं मागा. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा कागदही द्यायचा असतो. तो सविस्तर अहवाल न्यायाधिकरण अर्ज म्हणून धरू शकतं. पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका, तुमचा अर्ज तुम्ही करा. एफआयआर हातात आली की ट्रकचा नंबर अक्षर न् अक्षर तपासा. परराज्यातल्या नंबरात एखादं अक्षर चुकतं आणि मग दोन वर्षं नुसती दुरुस्ती चालते. माझ्याकडच्या दोन प्रकरणांत हे झालं आहे.

धडकेच्या जागेजवळ पेट्रोल पंप, ढाबा, केळीचा वजनकाटा असेल तर तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण अजून आहे का विचारा. बहुतेक पुसलं गेलं असेल, पण एक फेरी मारा.

दवाखान्याचे कागद. खाजगी दवाखान्यात रोख भरले आणि पावती घेतली नाही असं कितीदा तरी होतं. आता परत जा आणि डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील, सगळी बिलं, रॉडचं बिल यांच्या प्रती मागून घ्या. सरकारी दवाखान्यातल्या नोंदीचा एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून केलेल्या नोंदीचा) लिहून आणा, अपघाताच्या पहिल्या तासांचा पुरावा तोच. औषधाच्या प्रत्येक पावतीवर यजमानांचं नाव असलं पाहिजे. एक्स-रे गादीखाली ठेवू नका, वाकतात आणि चिकटतात. पाकिटात घालून, पत्र्याच्या पेटीत उभे ठेवा. आणि बरं होत आलं की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्यायचा. रॉड काढायचं किंवा पुढचं ऑपरेशन ठरलं तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, त्यात काय बसतं ते तो सांगेल. दुसरी पोत गहाण पडायला नको.

लायसन्सचं आता. तुमच्यावर उलटेल हे त्या माणसाने घातलेलं भय आहे. लायसन्स नसताना गाडी चालवणं गुन्हा आहे, त्याचा दंड होईल, तो भरा. पण लायसन्स नव्हतं म्हणून अपघात यांच्या चुकीने झाला असं आपोआप ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा खटल्यात सांगितलेलं आहे. बघायचं ते धडक कुणाच्या चालवण्याने झाली. हेल्मेट नव्हतं असेल तर तेही वकिलाला खरं सांगा. इथे दुखापत पायाची आहे, डोक्याची नाही. लपवलं की उलटतपासणीत पितळ उघडं पडतं आणि मग खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

मालकाला खरंच मदत करायची असेल तर नाही म्हणू नका. दवाखान्याचं बिल त्याने थेट भरावं किंवा चेकने द्यावं. पावतीवर फक्त "उपचारासाठी मदत" एवढंच लिहायचं. "आमची काही तक्रार नाही", "चूक आमची होती", "पुढे काही मागणार नाही" असलं एकही वाक्य नको. असा कागद दिला की न्यायाधिकरणाचं दार कायमचं बंद होतंच असं नाही, पण विमा कंपनीचा वकील तो कागद पहिल्याच तारखेला काढतो आणि मग वर्ष-दोन वर्षं त्याच्यावरच वाद चालतो. विमा कंपनीचा चौकशी करणारा माणूस घरी येईल, त्याच्याशीही खरं बोला, पण कोऱ्या कागदावर सही नाही. कंपनीकडून तडजोडीची रक्कम आली तर वर केलेल्या हिशोबाशेजारी ठेवून वकिलाबरोबर बघा. लोकअदालतीत मिटवणं वाईट नाही, कित्येक चांगल्या तडजोडी तिथे होतात. फक्त तिथे झालेल्या तडजोडीवर पुढे अपील नसतं, म्हणून अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावरच तिथे बसा.

एजंटाला दारातून परत पाठवा. वकिलाने भरपाईत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांनाच मान्य नाही, मग एजंट कुठला! कोरे चेक, पासबुक, एटीएम कार्ड यातलं काहीही कुणाला देऊ नका. भरपाई आदेशानुसार जखमीच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. जाता जाता, यजमानांच्या खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात का बघा. जात असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. एक पाय कायमचा निकामी झाला तर त्यात एक लाख मिळतात. नुसतं हाड मोडल्यावर मिळत नाहीत, पण पाय कसा बसतो ते बघून बँकेत विचारा.

भाऊबंदांवर रागावू नका. कोर्टात पिढ्या जातात हे त्यांनी जमिनीच्या वाटणीत पाहिलेलं आहे. अपघाताचा दावा वाटणीच्या दाव्यासारखा नसतो. वेळ लागतो, काही वर्षंही लागतात, पण अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, ते साधारण सहा ते नऊ टक्क्यांपर्यंत दिलं जातं. आणि ड्रायव्हर फौजदारी केसमध्ये सुटला तरी हा दावा बुडत नाही, दोन्हीकडे पुरावा तोलायची पद्धत वेगळी आहे.

तुमच्या पत्राच्या आडून बाकीच्या वाचकांना दोन गोष्टी सांगतो, कारण सावदा-फैजपूर-चोपडा पट्ट्यात आणि धुळ्याकडच्या आग्रा रोडवर ट्रक थांबणार नाहीत. अपघात झाला की १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार रोख न भरता होतो. ताईंना हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. तुम्ही दवाखान्यात पाय ठेवताच विचारा. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख मिळतात, त्याची चौकशी तहसील किंवा प्रांत कार्यालयात करा. आणि मालाच्या ट्रकवर बसून कामाला जाऊ नका, मुकादम कितीही म्हणो. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून वर बसलेले मजूर गेले, त्यात बाया होत्या, लेकरं होती. मालट्रकवर प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी झटकू शकते.

शेवटी ताई, झोपेचं. हॉर्न वाजल्यावर घाम फुटून उठणं हे भित्रेपण नाही, वेडही नाही. जिवावरचा घाव बसलेल्या माणसाचं मन पुन्हा पुन्हा त्याच पहाटेला जातं. याच्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना पायाबरोबर हेही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, दाव्यातही ते सोसलेल्या त्रासात येतं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तोवर १४४१६ या सरकारच्या फोनसेवेवर चोवीस तास कुणीतरी मराठीतून बोलायला असतं, पैसे लागत नाहीत. जमलं तर त्यांची खाट मागच्या खोलीत, रस्त्यापासून लांब हलवा.

अर्ज दाखल झाला की न्यायाधिकरणातून त्याचा नंबर मिळेल. तो मला दोन ओळींच्या पत्राने कळवा.

तुमचा भाऊ